ॲरिझोनातलं घर विकायचंय? आधी सावली दाखवा

गुहागरला माहेरी बसून हे लिहिते आहे. काल शाकारणी संपली. फुटकी कौलं बदलून झाली, पन्हळी साफ झाल्या, लाकडं पडवीत रचली. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की इथे घर जपायचं म्हणजे पाण्यापासून जपायचं. एकोणीस वर्षांपूर्वी मी फिनिक्सजवळ चँडलरला गेले ती हीच समज घेऊन, आणि आमचं तिथलं पहिलं घर विकताना ती काही कामाला आली नाही. या वर्षी दापोली-चिपळूणकडच्या दोन कुटुंबांना बदलीमुळे ऐन उन्हाळ्यात तिथलं घर विकायला काढावं लागतंय. फोनवर तुकड्यातुकड्यांत बोलण्यापेक्षा एकदाच नीट सांगते.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फिनिक्सला सरासरी १८०च्या आसपास. तिथे घराला खातं ते ऊन, धूळ आणि कोरडी हवा. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस तिथलं कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं, म्हणजे ४३ अंशांच्या वर. तुमचं घर बघायला येणारा माणूस अशा उन्हातून येतो. गाडीपासून दारापर्यंतच्या वीस पावलांत त्याचा जीव नकोसा झालेला असतो. दार उघडल्यावर त्याला आधी गारवा हवा, डोळ्यांना सावली हवी. सोफा आणि चित्रं त्यानंतर. म्हणून स्टेजिंगची, म्हणजे विकायचं घर गिऱ्हाइकासाठी सजवून मांडण्याची, सुरुवात फर्निचरपासून करू नका.

शोइंगच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला घर दाखवायच्या, अर्धा तास आधी एसी वाढवून काही होत नाही. भिंती, फरशी, गाद्या सगळ्यांनी उष्णता धरून ठेवलेली असते. सकाळी दहाला कोणी येणार असेल तर आदल्या रात्रीपासून घर ७६ फॅरनहाइटवर ठेवा. घरातली हवा ज्या जाळीतून परत ओढली जाते ती जाळी पुसा, फिल्टर नवा घाला. जाळीवर काळी पुटं दिसली की बघणाऱ्याला अख्ख्या एसीचीच शंका येते. सर्व्हिसिंगची पावती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, लोक ती उचलून वाचतात.

आता दिशेचं. आपल्या बहुतेकांनी घर पूर्वाभिमुख बघून घेतलेलं असतं. मीही घेतलं होतं. पण दार पूर्वेला म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला, आणि तिथला पॅशिओ म्हणजे आपली पडवीच की! दुपारी तीननंतर तिथे उभं राहवत नाही. तिथले जुने रहिवासी हे नेमकं विचारतात. अशा घराची शोइंग सकाळीच ठेवा. तेव्हा घराची स्वतःची सावली मागच्या अंगणात पडलेली असते. तिथे दोन खुर्च्या, एक छोटं टेबल आणि पाण्याचा जग ठेवा. जमलं तर पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ऊन अडवणारी सनस्क्रीनची जाळी लावून घ्या आणि आतले पडदे हलक्या रंगाचे ठेवा. आपल्या आज्यांनी मे महिन्यात अंगणात झापांचा मांडव घातला तो याच अकलेने. ती अक्कल तिकडे चांगली चालते.

वासाचं जरा सविस्तर सांगते, कारण आमचं पहिलं गिऱ्हाईक त्यामुळेच गेलं. घर विकायच्या दोन महिने आधी आम्ही नव्या घरी राहायला गेलो. जुनं घर रिकामं, लखलखीत. एक जोडपं आलं, सगळं आवडलं, आणि मागची न्हाणी उघडून ती बाई तशीच मागे फिरली. आत गटाराचा वास कोंडला होता. प्लंबरने शॉवरची जाळी काढून टॉर्च मारला. खाली नळीच्या वाकणात जे पाणी कायम साचून वास अडवतं ते पार सुकून गेलं होतं, तळाशी नुसता पांढरा खार. आपल्याकडे न्हाणी वाळत नाही म्हणून वैताग, तिथे वापर नसेल तर काही आठवड्यांत मोरीचं पाणीही उडून जातं. बंद घरात आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, कमोड फ्लश करा. फुकटचं काम आहे, विसरू नका.

बांगडे तळणं, सोडे भाजणं त्या दिवसांत अंगणातल्या शेगडीवर करा. इथे खिडक्या उघड्या असतात आणि वारा वास घेऊन जातो. तिथे तीच हवा एसीतून फिरत राहते आणि वास गालिच्यात बसतो. वर सुगंधी फवारे मारू नका, घर काहीतरी लपवतंय असं वाटतं. देवघर काढा म्हणून मी कोणालाही सांगणार नाही. निरांजनाची काजळी धरलेली भिंत रंगवून घ्या आणि पुढे स्वच्छ पडदा सोडा, बस.

इकडून नेलेलं लाकूड बघून ठेवा. माझ्या आजीची फणसाची पेटी तिथे तिसऱ्या उन्हाळ्यात झाकणापासून तडकली. उभी चीर, रुपयाचं नाणं आत जाईल एवढी. मे-जूनमध्ये तिथली हवा इतकी कोरडी असते की रात्री लाकूड तडतडताना ऐकू येतं. अशा वस्तू उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, फोटोतही नकोत. नळांवर, शॉवरच्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग असतात. गरम व्हिनेगरचं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, सुटतात.

बाहेर हिरवळ लावायचा मोह मला आवरला नव्हता. आपल्या डोळ्यांना हिरवं दिसलं की बरं वाटतं. पण खरेदीदाराला त्या हिरवळीत पाण्याचं बिल दिसतं. त्यापेक्षा खडीचा नवा थर, दोन घायपातं, सावलीला पालो वर्डेचं एखादं झाड, आणि ठिबकची प्रत्येक तोटी चालू आहे ना ते वाकून बघणं. एचओए, म्हणजे तिथली घरमालकांची सोसायटी, असेल तर बाहेरचा रंग निवडण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

एका बाबतीत मी कडक आहे. गळती, वाळवी, विंचवांचा त्रास, जे ठाऊक आहे ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकात लिहा. ॲरिझोनात घरातले ठाऊक असलेले मोठे दोष सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. डागावर रंग फासून घर विकणं हे स्टेजिंग नव्हे, फसवणूक आहे.

काल आईला हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "अगं, मग तिकडेही आगोटीची तयारीच की, फक्त उन्हाची." ती तयारी खरं तर एप्रिलमध्येच व्हायला हवी. तुम्हाला उशीर झालाय, म्हणून एसी आणि मोऱ्या आधी बघा, बाकीचं मागून.

मी जूनच्या शेवटी परत येते. घर बघायला मला जरूर बोलवा, पण सकाळी नको, दुपारी चारला बोलवा. तुमच्या घराला ऊन कुठून शिरतं ते त्याच वेळी दिसेल.