डेइटीचे पहिले साठ टर्न: एका हिशेबनीस बाईच्या वहीतून

मी दिवसभर लोकांची खाती जुळवते आणि रात्री ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळते, म्हणजे शहरं वसवून साम्राज्य उभारायचा, टर्न-टर्नने (पाळीपाळीने) चालणारा कॉम्प्युटर गेम. डेइटी ही त्यातली आठवी, सगळ्यात वरची पातळी. तिच्यावर मी लागोपाठ अकरा डाव हरले. बारावा जिंकले, आणि आता तीन डावांतले दोन तरी खिशात येतात. माझा हात सुधारला असं सांगायला आवडलं असतं. झालं ते एवढंच, की अकराव्या पराभवानंतर चिडून मी एक कोरी वही काढली आणि समोरच्याचा ताळेबंद मांडला.

मी ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ही गेमची पुरवणी घालून, स्टँडर्ड वेगावर खेळते, आकडे त्यातलेच. तुम्ही सुरू करता एक सेटलर (नवं शहर वसवणारा) आणि एक वॉरियर (साधा शिपाई) घेऊन. एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो प्रतिस्पर्धी, सुरू करतो तीन सेटलर, पाच वॉरियर आणि दोन बिल्डर (शेतं-खाणी करणारे) घेऊन. त्याचं प्रॉडक्शन आणि सोनं ८० टक्के जास्त. सायन्स, कल्चर आणि फेथ ३२ टक्के जास्त. लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीला अधिक ४. वर काही टेक (तंत्रज्ञान) आणि सिव्हिकचे (समाजव्यवस्थेतले टप्पे) बूस्ट, म्हणजे ते स्वस्त करणाऱ्या सवलती, फुकटात.

पण अक्कल? ती जमेच्या बाजूला कुठेच नाही. एआय प्रिन्स पातळीवर जेवढा विचार करतो तेवढाच डेइटीवर करतो. म्हणजे बापजाद्यांचं भांडवल भरपूर आणि धंद्याची समज शून्य. अशी खाती मी कामावर रोज बघते. त्यांच्याशी व्यवहार करण्याची एक रीत आहे: सुरुवातीला त्यांच्या पैशाखाली चिरडून जायचं नाही, आणि नंतर तो पैसा हळूहळू आपल्याकडे वळवायचा. पहिली अर्धी गोष्ट साधारण साठ टर्न चालते. डेइटी अवघड आहे ती तेवढीच. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या साठ टर्नवरच आहे. पुढचं थोडक्यात उरकणार आहे.

पहिल्याच टर्नला शहर वसवा. फार तर एक टर्न सरका, तेही गोड्या पाण्यासाठी किंवा टेकडीसाठी. मी एकदा ‘अजून चांगली जागा मिळेल’ म्हणून चार टर्न भटकले आणि तेवढ्यात शेजाऱ्याचं तिसरं शहर माझ्या नाकासमोर उभं राहिलं. टेकडीवरचं शहर मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण शहर राखायला सोपं जातं, आणि टेकडी प्लेन्स जमिनीवरची असेल तर शहराच्या टाइलला (नकाशावरच्या घराला) एक जादा प्रॉडक्शनही मिळतं.

मग बांधायचं काय? माझा क्रम ठरलेला: स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), स्लिंगर, सेटलर. मोन्युमेंट (कल्चर देणारी इमारत) नंतर. वंडर (सगळ्या जगात एकालाच बांधता येणारी भव्य वास्तू) तर अजिबात नाही. स्टोनहेंजचा मोह मला सहा डाव सुटला नव्हता. ८० टक्के जादा प्रॉडक्शनवाल्याशी दगड रचण्याची शर्यत लावण्यात काय शहाणपण होतं, ते आता माझं मलाच कळत नाही. पाचव्या डावात ते पूर्ण व्हायला तीन टर्न बाकी असताना दुसऱ्याने उरकलं, आणि एकतिसाव्या टर्नला शेजाऱ्याचे आठ वॉरियर माझ्या वेशीवर आले. घरात एक वॉरियर होता. तोही जखमी.

स्लिंगरच का, ते नीट समजून घ्या. स्लिंगर ३५ प्रॉडक्शनमध्ये होतो आणि त्याने एक तुकडी मारली की आर्चरीचा युरेका मिळतो, म्हणजे ते टेक ४० टक्के स्वस्त. मग सोनं मोजून त्याच स्लिंगरचे आर्चर करायचे. आर्चरची ताकद २५ आणि तो दोन टाइलवरून बाण मारतो. तुमच्याकडे तीन आर्चर झाले की मशिनरीचाही युरेका सुटतो. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच, आणि इथे तर दगड खरोखरच गोफणीतला आहे. मात्र शेवटचा घाव स्लिंगरचाच पडला पाहिजे. वॉरियरने शत्रूला अर्धमेला करायचा आणि हात आवरता घ्यायचा. स्लिंगरचा पल्ला एकाच टाइलचा आणि अंगात ताकद ५. त्याला उघड्यावर पुढे ढकलाल तर गमावून बसाल.

आता त्या अधिक ४ बद्दल, कारण बहुतेक जण तिथेच हाय खातात. प्रत्येक तुकडीची तब्येत १००. दोन बरोबरीच्या तुकड्या भिडल्या तर एका फटक्याला सरासरी ३० जातात. समोरच्याला ४ जादा असले की त्याचा फटका ३५ च्या आसपास बसतो आणि तुमचा २५-२६ चा. ढोबळ हिशेब केला तर तुम्ही तीन फटक्यांत आडवे, त्याला चार लागतात. सपाट मैदानात वॉरियरला वॉरियर भिडवला की दर वेळी आपलाच का मरतो, याचं उत्तर हे. आता दुसरी बाजू मांडा. टेकडीवर बचावाला ३, जंगलाचे आणखी ३, आणि फोर्टिफाय करून दोन टर्न जागचं न हलल्यास ६. झाले १२. त्याचे ४ वजा केले तरी ८ तुमच्याकडे उरतात. मधे नदी असेल तर ओलांडून हल्ला करणाऱ्याला आणखी तोटा. म्हणून माझा नियम: पहिल्या साठ टर्नमध्ये मी हल्ला करत नाही, हल्ला करवून घेते. शेजाऱ्याच्या वाटेवरची जंगलवाली टेकडी आधीच हेरून तिथे वॉरियर बसवते, मागे दोन आर्चर. तो येतो, टेकडीवर डोकं आपटतो, मागून बाण खातो. पुढच्या टर्नला पुन्हा तेच. शिकत नाही बिचारा.

शहराच्या भिंतीही याच खात्यात धरा. मेसनरी हे टेक घेतलं की जुन्या काळातल्या भिंती बांधता येतात, आणि भिंत असली की शहर स्वतः बाण मारू लागतं. भिंतीशिवाय ते मुकाट मार खातं. सगळ्या शहरांना भिंती नकोत. शेजाऱ्याच्या सगळ्यात जवळच्या एका शहराला पुरे. पण त्याचं सैन्य सीमेवर गोळा होताना दिसल्यावर भिंतीला हात घालणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तो तुमचं सैन्य मोजत असतो. कमी दिसलं की येतो. तीन आर्चर नुसते उभे राहिले तरी कित्येकदा युद्ध टळतं.

बार्बेरियन (कुठल्याच राज्याच्या नसलेल्या लुटारू टोळ्या) हा स्वतंत्र त्रास. त्यांचा स्काउट तुमचं शहर बघून गेला की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसतं. तो छावणीत परत पोचला की टोळी निघते. तेव्हा त्याला परत जाऊ द्यायचं नाही, मग त्यासाठी सेटलर दोन टर्न उशिरा निघाला तरी चालेल. सोप्या पातळ्यांवर बार्बेरियनांविरुद्ध तुम्हाला जादा ताकद मिळते. डेइटीवर ती नसते. गरज वाटली तर राज्यकारभारात डिसिप्लिन हे धोरणाचं कार्ड घाला, त्यांच्याविरुद्ध ५ मिळतात.

माझा भाचा हे सगळं बघून म्हणाला, “मावशी, तू खेळतेस की वसुली करतेस?” त्याला वाटलं टोमणा मारला. मला तिथूनच पुढची युक्ती सुचली.

एआयला ८० टक्के जादा सोनं मिळतं ना? मग ते त्याच्याकडे पडून असतं. नवा राजा भेटला की त्याच टर्नला डेलिगेशन पाठवा, २५ सोनं लागतं. पहिल्या भेटीत तो बहुतेक वेळा स्वीकारतो. दहा टर्नांनी त्याचं तुमच्याबद्दल मत बिघडलं की दारातूनच परत पाठवतो. मग लक्झरीचा (चैनीच्या मालाचा) हिशेब. एकाच लक्झरीच्या दोन प्रती असतील तर दुसरीचा तुम्हाला उपयोग शून्य, कारण अ‍ॅमेनिटी (प्रजेचं समाधान) एकाच प्रतीची मिळते. ती विका, आणि शक्यतो रोख. दर टर्नला हप्ता जास्त मिळतो असं दिसेल, पण मधेच युद्ध लागलं की हप्ते बुडाले. शिवाय विसाव्या टर्नला हातात आलेल्या रोख रकमेतून बिल्डर घेता येतो, आणि त्या बिल्डरने केलेली खाण पुढे शंभर टर्न व्याज देत राहते. डिप्लोमॅटिक फेव्हर (राजनैतिक वजन) हाही विकता येतो. सुरुवातीला त्याचं तुम्हाला काही काम नाही आणि एआय त्याला चांगली किंमत देतो. मी तो सगळ्यांना विचारून विकते, पहिल्या गिऱ्हाइकाला कधीच नाही. लोखंड आणि घोडे मात्र लगतच्या शेजाऱ्याला विकू नका. मी विकले होते. ते मला परत दिसले, स्वारांसकट.

त्याला पुरेसं गोड करून ठेवलं की मैत्रीचा प्रस्ताव टाका. स्वीकारला तर ३० टर्न तो तुमच्यावर युद्ध पुकारू शकत नाही. मला वाटतं डेइटीवरची सगळ्यात स्वस्त भिंत हीच. तीस टर्न संपायची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्याच टर्नला पुन्हा विचारा.

आता वाढ. साठाव्या टर्नपर्यंत चार शहरं, जमल्यास पाच, हे माझं लक्ष्य. सेटलर निघताना शहराची एक लोकसंख्या घेऊन जातो, म्हणून शहर दोनवर आल्याशिवाय तो करता येत नाही. सगळ्या शहरांची लोकसंख्या मिळून सहा झाली की अर्ली एम्पायर या सिव्हिकचं इन्स्पिरेशन (सिव्हिकचा बूस्ट) मिळतं. त्या सिव्हिकमधून कोलोनायझेशन कार्ड येतं, सेटलरसाठी ५० टक्के जादा प्रॉडक्शन. ते लागलं की राजधानीत पाठोपाठ दोन-तीन सेटलर काढा. गव्हर्नरमध्ये (शहरांवर नेमायच्या कारभाऱ्यांमध्ये) मॅग्नसला प्रोव्हिजन बढतीपर्यंत नेलंत तर त्याच्या शहरातले सेटलर लोकसंख्याही खात नाहीत. जंगल तोडून मिळणारं प्रॉडक्शनही त्याच्या शहरात दीडपट होतं. जंगलं तोडताना मला सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही, फक्त बचावाच्या टेकडीवरचं तेवढं ठेवते.

शहरं लांब टाकू नका. दोन शहरांमध्ये कमीत कमी तीन टाइल सोडाव्या लागतात. मी चार-पाचच्या वर सहसा जात नाही. दाट वस्ती केली की लॉयल्टी (शहराची तुमच्यावरची निष्ठा) टिकते, कारण तिचा दबाव नऊ टाइलपर्यंत पोचतो आणि शेजाऱ्याची शहरं तुमच्याहून मोठी असतात. शिवाय दोन आर्चर सगळी शहरं राखू शकतात.

एआय आपले सेटलर कधीकधी एकटेच पाठवतो, सोबत शिपाई नाही. तो तुमच्या वॉरियरच्या शेजारून निघाला असेल तर युद्ध पुकारून पकडता येतो आणि तो सेटलर म्हणूनच तुमच्याकडे येतो. म्हणजे एक शहर फुकट. पण पुढचे दहा टर्न तह होत नाही, आणि ते दहा टर्न तुम्हाला झेपले पाहिजेत. टेकडी आणि आर्चर तयार असतील तरच हा व्यवहार करा. नुसता सेटलर दिसला म्हणून धावलात तर माझ्या आठव्या डावासारखं होईल: सेटलर मिळाला, राजधानी गेली.

डिस्ट्रिक्टमध्ये (शहराभोवती बांधायच्या विभागांमध्ये) कॅम्पस, म्हणजे सायन्सचा विभाग, पहिला, आणि डोंगरांना चिकटून. लगतच्या प्रत्येक डोंगराचा एक सायन्स मिळतो, भूगर्भातल्या उष्ण भेगेचे किंवा प्रवाळाचे दोन. डिस्ट्रिक्टची किंमत तुमचं टेक आणि सिव्हिक वाढेल तशी वाढत जाते, पण जागेवर पाया टाकला की त्या क्षणीच्या किमतीला बांधली जाते. म्हणून बांधायला वेळ नसला तरी लोकसंख्येने परवानगी दिली त्याच टर्नला, म्हणजे एक, चार आणि सात या आकड्यांवर, पाया टाकून ठेवा. भाव वाढण्याआधी बयाणा देण्यासारखंच आहे हे. पुढे रेकॉर्डेड हिस्ट्रीतून नॅचरल फिलॉसॉफी कार्ड मिळतं आणि कॅम्पसचा शेजारधर्म, म्हणजे लगतच्या डोंगरा-भेगांमुळे मिळणारं सायन्स, दुप्पट होतो.

नेता कोणता, हे विचाराल तर पहिल्यांदा ट्राजान घ्या. प्रत्येक नव्या शहरात मोन्युमेंट आयता मिळतो, म्हणजे कल्चरची काळजी मिटली. मारामारीची आवड असेल तर गिलगामेश. त्याची वॉर-कार्ट कुठलंही टेक न घेता पहिल्या टर्नपासून करता येते आणि तिची ताकद ३०, वॉरियरची २०. अधिक ४ ला पुरून उरणारी ती एकच सुरुवातीची तुकडी मी बघितली आहे. माझा बारावा डाव तिच्यावरच निघाला, हे कबूल करायला हवं.

साठाव्या टर्नला यादी उघडून बघितलीत तर तुम्ही सायन्समध्ये शेवटचे असाल. घाबरू नका, मी जिंकलेल्या जवळजवळ प्रत्येक डावात तेव्हा शेवटचीच होते. एआयचे जादा सेटलर आणि शिपाई सुरुवातीला एकदाच मिळतात. टक्क्यांची सवलत शेवटपर्यंत चालते, पण हे भांडवल गुंतवायचं कसं हे त्याला येत नाही. त्याची डिस्ट्रिक्ट वाकडीतिकडी, युरेका चुकलेले, सैन्य एकमेकांत अडकलेलं. शंभर ते दीडशेच्या मधे कधीतरी तुमची रेघ त्याच्या रेघेला ओलांडते. तोवर फक्त जिवंत राहायचं आणि दर वीस टर्नला विजयाची पाटी उघडून कोण कशात पुढे आहे ते बघायचं. कल्चर आणि धर्म यांतला विजय तुमच्या नकळत पिकत असतो; सैन्याचा तरी आवाज येतो.

शेवटी सायन्सच्या विजयात एक गोष्ट. मंगळानंतर एक्सोप्लॅनेटचं (परक्या ताऱ्याच्या ग्रहाकडचं) यान सुटलं की त्याला ५० प्रकाशवर्षं जावं लागतं, आणि लेझर स्टेशनं बांधली की त्याचा वेग वाढतो. माणसं तिथे हात झटकून बसतात. स्पेसपोर्ट असलेल्या शहरात आपला हेर राखणीला बसवा, कारण एआयचे हेर तिथे येऊन रॉकेटचं काम बिघडवतात. माझं चंद्रयान असंच अडकलं. त्या वेळी माझे तिन्ही हेर परक्या शहरांत सोनं चोरत होते.