व्हर्च्युअल मशीन चालू असताना ‘मेमरी कमी’ची ताकीद आली, तर काय करायचं?

व्हर्च्युअलबॉक्स हा लॅपटॉपच्या आतच दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्रॅम. त्यात उबुंटू हे लिनक्स उघडलं, अर्धा तास काम नीट झालं आणि मग विंडोजने खिडकी पुढे केली: मेमरी संपत आली आहे, प्रोग्रॅम बंद करा. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं. आतलं व्हर्च्युअल मशीन अडखळतंय असं दिसलं की बहुतेक जण त्याला आणखी रॅम देऊन टाकतात. ओरड यजमानाची, म्हणजे विंडोजची असते आणि आपण पाहुण्याच्या, म्हणजे आतल्या मशीनच्या ताटात वाढत बसतो.

म्हणून आधी ओरडतंय कोण ते बघा. ताकीद विंडोजच्या बाजूने आली असेल, तर मशीनला दिलेली रॅम कमी करायची आहे. उबुंटूच्या आतच प्रोग्रॅम आपोआप मरत असतील, तर आत रॅम अपुरी पडते आहे. दोन्हींवरचे उपाय उलट दिशेचे आहेत.

हिशोब मांडा

व्हर्च्युअल मशीन बंद ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. ८ जीबी विकत घेतली असली तरी ग्राफिक्ससाठी थोडी आधीच कापलेली असते, त्यामुळे हाताशी साधारण पावणेआठ जीबी राहते. विंडोज, अँटिव्हायरस आणि मागे चालणाऱ्या लहानसहान गोष्टी मिळून ३ ते साडेतीन जीबी खातात. ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडे असले तर आणखी एक-दीड. उरली तीनच्या आसपास. त्यातही थोडी मोकळी ठेवायला हवी, म्हणजे मशीनला २ ते अडीच जीबी. व्हर्च्युअलबॉक्सची रॅमची पट्टी हिरव्या भागात आहे म्हणून ४ जीबी देऊ नका. तुम्ही ब्राउझर उघडणार आहात हे त्या पट्टीला माहीत नसतं.

आकडा बदलायचा तर व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद हवं. ‘सेव्ह स्टेट’ करून, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर जपून ठेवलेलं असेल तर तो बदलता येत नाही. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘बेस मेमरी’. तिथे २०४८ लिहा. हा आकडा एमबीत असतो.

पहिला अर्धा तास सगळं ठीक का असतं?

याचं कारण कळलं नाही तर माणूस उगाच व्हायरस शोधत बसतो. तुम्ही ४ जीबी नेमून दिलीत म्हणून मशीन ती सुरुवातीलाच सगळी उचलत नाही. लागेल तशी उचलतं. पण लिनक्सला मोकळी रॅम बघवत नाही. वाचलेल्या फायली तो तिच्यात साठवून ठेवतो, पुढच्या वेळी पटकन मिळाव्यात म्हणून. तुम्ही एखादं मोठं अपडेट घातलंत, दोन-चार प्रोजेक्ट उघडलेत, की हळूहळू चारही जीबी उचलली जाते. आतल्या लिनक्सला ती नको झाली तरी विंडोजला सहसा मशीन बंद होईपर्यंत परत मिळत नाही. टास्क मॅनेजरच्या यादीत व्हर्च्युअलबॉक्सपुढचा आकडाही अनेकदा खऱ्यापेक्षा फारच लहान दिसतो. त्यावर विसंबू नका, एकूण मेमरीचा आलेख बघा.

‘पॉज’ केलं म्हणून रॅम सुटत नाही, हेही इथेच सांगतो. जेवायला उठताना ‘सेव्ह स्टेट’ करा. मशीनची स्थिती डिस्कवर लिहिली जाते आणि रॅम मोकळी होते.

पेजफाइल बंद करून ठेवली आहे का?

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘कमिटेड’ नावाचे दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले दिसतात. पहिला आकडा म्हणजे विंडोजने प्रोग्रॅम्सना देऊ केलेली मेमरी. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल, यांची बेरीज. पहिला त्याला जाऊन भिडला की विंडोज ताकीद देतं, मग रॅम थोडी शिल्लक का असेना. एसएसडीचं आयुष्य वाढतं असं कुठेतरी ऐकून मीही एकदा पेजफाइल बंद केली होती. नंतर आठवडाभर ताकिदींशी झटापट.

ती परत चालू करायला स्टार्टच्या शोधात ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ लिहा. ‘परफॉर्मन्स’खालच्या ‘सेटिंग्ज’मध्ये पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’, तिथे ‘व्हर्च्युअल मेमरी’, मग ‘चेंज’. सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकटीत खूण करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर फाइल वाढायला जागाच नसते. आधी १५-२० जीबी मोकळी करा.

आतच रॅम अपुरी पडत असेल तर

उबुंटूच्या टर्मिनलवर ‘फ्री -एच’ (free -h) ही आज्ञा द्या. ‘फ्री’चा रकाना बघून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’चा बघा. तोच शून्याकडे चालला असेल तर खरी टंचाई आहे. नेहमीचा उबुंटू डेस्कटॉप २ जीबीत कुंथतच चालतो. झुबुंटू किंवा लुबुंटू या उबुंटूच्या हलक्या आवृत्त्या घाला. नुसता सर्व्हर शिकायचा असेल तर डेस्कटॉप हवाच कशाला? उबुंटू सर्व्हर १ जीबीतही चालतो.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) किंवा विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, वापरत असाल तर टास्क मॅनेजरच्या यादीत ‘व्हीएममेम’ (Vmmem) असं नाव दिसेल. ते सहसा निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. नव्या आवृत्तीत ‘डब्ल्यूएसएल सेटिंग्ज’ नावाचं ॲप मिळतं, त्यात मेमरीची मर्यादा घालता येते. ते आणि व्हर्च्युअलबॉक्स ८ जीबीवर एकदम चालवू नका.

एवढं करूनही भागत नसेल तर रॅम वाढवा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्याच पानावर ‘स्लॉट्स युज्ड’ बघा. २ पैकी १ असेल तर एक जागा रिकामी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल, तर ती रॅम बोर्डावरच डागलेली असते आणि काढता येत नाही. आणि डीडीआर४, डीडीआर५ हे रॅमचे वेगवेगळे प्रकार आहेत, डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, तेव्हा दुकानात जाताना लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या.