उन्हाळी सूर्यफूल: आधी फुलोऱ्याची तारीख ठरवा, मग पेरणीची

तूर निघाली, ऊस तुटून गेला आणि विहिरीला अजून पाणी आहे, अशा रानात जानेवारी-फेब्रुवारीत काय घ्यायचं हा प्रश्न लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या पट्ट्यात दरवर्षी पडतो. भुईमुगाला पाणी आणि मजूर दोन्ही जास्त लागतात. सूर्यफूल साधारण तीन महिन्यांत रान मोकळं करतं, शिवाय दिवस लहान-मोठा असण्याचा त्याच्या फुलण्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते तिन्ही हंगामांत येतं. तरीही उन्हाळी सूर्यफुलाबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: फूल ताटाएवढं झालं, पण दाणे पोचट निघाले. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेत आणि फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांत सापडतं.

मध्यम कालावधीच्या संकरित वाणाला पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फूल उमलतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं तर फुलोरा मार्चअखेरीस येतो. फेब्रुवारी संपताना पेरलं तर एप्रिलच्या शेवटी, ऐन चाळीस अंशांत. त्या उन्हात परागकण टिकत नाहीत आणि मधमाश्याही सकाळी लवकर काम आटोपतात. शिफारस फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतची असली तरी रान तयार असेल तर थांबू नका. पंधरवडा उलटला असेल तर सूर्यफुलाचा हट्ट सोडून चाऱ्याचं पीक घ्यावं, असं माझं मत आहे. उशिराचं पीक वळिवाच्या पावसात काढणीला सापडण्याचा धोकाही असतोच.

बियाणं संकरित घ्यायचं तर दरवर्षी नवीन घ्या, घरचं राखलेलं पेरू नका. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचे एलएसएफएच-३५ आणि एलएसएफएच-१७१, राहुरी विद्यापीठाचा फुले रविराज, बंगळूरचा केबीएसएच-४४ हे ओळखीचे संकरित वाण आहेत. सुधारित वाणांत भानू आणि फुले भास्कर आहेत. केवडा हा पानांवर बुरशी आणणारा रोग भारतात पहिल्यांदा १९८४-८५ च्या सुमारास मराठवाड्यातच दिसला, त्यामुळे इथे केवडा-प्रतिकारक वाणाला आधी पसंती द्यावी. संकरित बियाणं एकरी दोन ते अडीच किलो पुरतं.

बीजप्रक्रिया टाळू नका. केवड्यासाठी किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल (३५ टक्के), फुलकिड्यांसाठी ५ ग्रॅम इमिडाक्लोप्रिड (७० डब्ल्यूएस) आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर २५ ग्रॅम अॅझोटोबॅक्टर. जिवाणू आधी लावून वर औषध चोळलं तर जिवाणू मरतात. पाकिटातलं बी प्रक्रिया केलेलंच आलं असेल तर तेच औषध पुन्हा लावायची गरज नाही, लेबल वाचा.

फुलकिड्यांवर एवढा भर देण्याचं कारण नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग. पानं एका बाजूने काळी पडतात, शेंडा वाकडा होतो, फूल उमलतच नाही. हा विषाणू परागकणांवर असतो आणि फुलकिड्यांमुळे पसरतो. बांधावरच्या गाजर गवतात तो लक्षण न दाखवता राहतो. म्हणून पेरणीआधी बांध स्वच्छ करा, गाजर गवत फुलण्याआधी उपटा आणि सूर्यफुलाभोवती ज्वारीच्या तीन-चार ओळी दाट पेरा. ज्वारी सूर्यफुलाच्या आठवडा-दोन आठवडे आधी पेरलेली बरी, म्हणजे तिची भिंत वेळेत उभी राहते. रोग आल्यावर त्याच्यावर औषध नाही. रोगट झाड दिसलं की उपटून टाकणं एवढंच हातात राहतं. हाच विषाणू भुईमुगालाही लागतो, त्यामुळे दोन्ही पिकं शेजारी घेऊ नयेत.

अंतर भारी जमिनीत ६० बाय ३० सेंटीमीटर, मध्यम जमिनीत ४५ बाय ३०. ६० बाय ३० ला एकरी बावीस हजारांच्या आसपास झाडं बसतात. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एका जागी एकच झाड ठेवा. झाडं उपटायला जीव होत नाही हे खरं, पण दोन झाडं एका जागी ठेवली तर दोन्ही फुलं बारीक राहतात. उलट फार पातळ ठेवली तर फूल मोठं होतं आणि मधला भाग रिकामा राहतो. वितीपेक्षा थोडं लहान, पण मध्यापर्यंत भरलेलं फूल वजनाला जास्त देतं.

खताचा हिशोब सोपा आहे. बागायतीला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश. म्हणजे एकरी ५२ किलो युरिया, ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. यातला निम्मा युरिया पेरणीला आणि निम्मा महिन्याने, मातीची भर देताना. स्फुरदासाठी डीएपी न घेता सुपर फॉस्फेट घ्या, कारण तेलबियांना लागणारं गंधक त्यातूनच मिळतं. ७५ किलोत जवळजवळ आठ किलो. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर मात्र हे आकडे बाजूला ठेवून त्याप्रमाणे जा.

पाणी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, जमीन बघून. रोपावस्था, कळी, फुलोरा आणि दाणे भरण्याच्या वेळी ताण बसता कामा नये. फुलोऱ्यानंतर वारा सुटला असताना पाणी देऊ नका, वजनदार फुलं घेऊन झाड लोळतं.

आता फुलोरा. आपण जे एक मोठं फूल म्हणतो त्या तबकात शेकडो बारीक फुलं असतात आणि ती बाहेरच्या कडेकडून आत, रोज काही ओळी अशी उमलत जातात. प्रत्येक फुलाचा पराग आधी बाहेर पडतो, त्याचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. त्यामुळे पराग इकडून तिकडे नेणारं कुणीतरी लागतंच. एकरी दोन मधमाश्यांच्या पेट्या ठेवता आल्या तर उत्तम. पेटी नसेल तर फुलोरा भरात असताना सकाळी सात ते अकरा या वेळात, एक दिवसाआड, हाताला मऊ सुती कापड गुंडाळून फुलांवरून हलकेच फिरवा. शेजारशेजारची दोन फुलं समोरासमोर धरून हळूच घासली तरी चालतं. पूर्ण उमललेली फुलं पूर्वेकडेच तोंड करून राहतात. सकाळी ती लवकर गरम होतात आणि माश्या त्यांच्यावर जास्त येतात, म्हणूनही हे काम सकाळचं. एका एकराची फेरी दोन-तीन तासांत होते.

पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम बोरॅक्स घेऊन फवारा. बोरॅक्स थंड पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग पंपात ओता. फवारणी संध्याकाळी. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचं नाही. घाटे अळी दिसली तर हेक्टरी २५० एलई (मात्रेचं माप, पाकिटावर असतं) एचएनपीव्ही, म्हणजे अळीला रोग आणणारं विषाणूजन्य औषध, तेही सूर्य कलल्यावर.

दाणे खाणाऱ्या पोपटांचा प्रश्न मात्र एकट्याने सुटत नाही. १९६९ नंतर रशियन वाणांनी हे पीक देशात रुजलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पंचवीस लाख हेक्टरच्या आसपास पोहोचलं आणि आता काही लाखांवर आलं आहे. स्वस्त आयात तेल आणि सोयाबीन ही कारणं आहेतच. पण क्षेत्र घटलं तशी उरलेल्या एकेका वावरावर साऱ्या शिवारातली पाखरं उतरायला लागली आणि शेतकरी आणखी मागे सरला. म्हणून शिवारात चार-पाच जणांनी मिळून, एकाच आठवड्यात पेरा. दाणे दुधात आल्यापासून काढणीपर्यंत सूर्योदयानंतरचे आणि मावळतीआधीचे दोन तास राखण हवीच. चमकणाऱ्या फिती बांधा, पण पाखरं त्यांना सरावतात, म्हणून दाणा धरायच्या आधी बांधू नका.

फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी होऊन कडेची पानं तपकिरी पडली की कापणी करा. कापलेल्या फुलांचा ओला ढीग लावू नका, बुरशी येते. दोन-तीन दिवस पसरून वाळवा, मग मळणी. ओलावा नऊ टक्क्यांवर आणूनच पोत्यात भरा. चांगल्या बागायती पिकाचा एकरी सहा ते आठ क्विंटल उतारा येतो. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये जाहीर झाला, पण खरेदी केंद्र जवळ आहे का हे पेरणीआधीच विचारून ठेवा.

बियांत तेल ३५ ते ४० टक्के. घरापुरतं तेल लाकडी घाण्यावर काढून घ्यायला हरकत नाही. उतारा एक्स्पेलरपेक्षा (यंत्राच्या घाण्यापेक्षा) कमी पडतो, त्याची भरपाई पेंडीत होते कारण तिच्यात तेल जास्त राहतं. ही पेंड जनावरांना चालते, पण टरफलासह असेल तर तंतू जास्त असतात, म्हणून एकटी न देता सरकी किंवा शेंगदाणा पेंडीत मिसळून द्या. दाणे काढलेली फुलंही गुरं खातात. धाटं जाळू नका: पिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग त्यांच्यातच असतो, रोटाव्हेटरने बारीक करून गाडा. त्याच रानात पुढच्या वर्षी पुन्हा सूर्यफूल नको, कडधान्य घ्या.