विधी महाविद्यालयात चालू विषयावर व्याख्यान ठेवताय? या चुका टाळा

2024 च्या पावसाळ्यात आमच्याकडे नव्या फौजदारी कायद्यांवर व्याख्यान झालं. सभागृह गच्च भरलं होतं. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला आता दहा वर्षांपर्यंत शिक्षा होणार, असं वक्त्यांनी ठामपणे सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, न्याय संहितेतल्या कलम 106 चं पोटकलम (2) लागूच झालेलं नाही ना?" तिचं बरोबर होतं. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांचा संप झाला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तो याच तरतुदीवरून. 1 जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून, आणि तसं फेब्रुवारीच्या अधिसूचनेतच लिहिलेलं होतं. चूक वक्त्यांची होती, तशी आयोजक म्हणून माझीही. अधिसूचना मी स्वतः उघडून पाहिली नव्हती.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कायदा नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे न तपासणं. विधेयक मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांत संमत झालं, राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळाली, अंमलाची तारीख अधिसूचित झाली, नियम आले, या प्रत्येक पायरीवर उत्तर बदलतं. वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा अधिनियम 2023 चा आहे, पण त्याचे नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात त्यावर झालेल्या व्याख्यानांत "आता तुम्ही तक्रार करू शकता" असं ऐकून किती मुलं घरी गेली असतील, याची मला अजून काळजी वाटते.

मराठा आरक्षणावर बोलताना हाच घोळ हमखास होतो. 2024 मध्ये विधिमंडळाने केलेला 10 टक्क्यांचा कायदा हा अधिनियम आहे. 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटसंबंधीचा (निजामकालीन नोंदींवरून कुणबी प्रमाणपत्र देण्याबाबतचा) कागद हा शासन निर्णय, म्हणजे सरकारचा प्रशासकीय आदेश आहे. दोन्हींचा पाया वेगळा, त्यांना आव्हान देण्याचे मुद्देही वेगळे. वक्त्यांनी दोन्ही एका दमात "सरकारने कायदा केला" म्हणून उडवले, तर विद्यार्थी पुढच्या परीक्षेत आणि पुढे वकिलीतही तेच उडवतील. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी एक पानाची टिपणी काढा: कायद्याचं नाव, वर्ष, सध्याचा टप्पा, प्रलंबित आव्हान. वक्त्यांना ती आधी पाठवा. कितीही ज्येष्ठ वक्ते असले तरी पाठवा. खरे अभ्यासक यावर रागवत नाहीत, उलट दुरुस्त करून परत पाठवतात.

दुसरी चूक विषयाच्या नावातच असते. "भारतीय संविधान आणि सद्यस्थिती" या शीर्षकाखाली काहीही बोलता येतं, म्हणून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी एक प्रश्न घ्या. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती, त्या रहिवाशांसाठी संपादित करू देणारं, म्हाडा कायद्यात 1986 साली घातलेलं आठ-अ प्रकरण, आणि त्यातून उभा राहिलेला सवाल: प्रत्येक खासगी मालमत्ता ही संविधानाच्या अनुच्छेद 39(ख) मधली "समाजाची भौतिक साधनसंपत्ती" ठरते का? 5 नोव्हेंबर 2024 ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं, सरसकट नाही. न्या. सुधांशू धुलिया यांनी भिन्नमत दिलं. आम्ही बहुमत आणि भिन्नमत हे निकालाचे दोन भाग मुलांना आठवडाभर आधी वाचायला दिले आणि वक्त्यांना म्हटलं, भिन्नमतापासून सुरुवात करा. त्या दिवशी चाळीत वाढलेली आणि घरमालकाच्या घरातली, दोन्हीकडची मुलं बोलली. शेकडो पानी निकाल कुणीच पूर्ण वाचत नाही, म्हणून परिच्छेद क्रमांक नेमून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद आहेत, तेही शोधून ठेवा. आमच्या निम्म्या मुलांचं शिक्षण मराठीत झालंय आणि पुढे तालुका न्यायालयात त्यांचं काम मराठीतच चालणार आहे. फलकापासून आभारापर्यंत सगळं इंग्रजीत ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, विषय नको" असं प्राचार्य म्हणाले तर? घाबरून विषय रद्द करू नका. न्यायालयाचा अवमान अधिनियम, 1971 वाचा. कलम 4 न्यायालयीन कामकाजाच्या रास्त व अचूक वृत्ताला संरक्षण देतं, कलम 5 अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या रास्त टीकेला. प्रलंबित प्रकरणात आरोपी दोषी की निर्दोष, साक्षीदार खरा की खोटा, यात शिरू नका. कायद्याचा प्रश्न काय आहे आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद काय आहेत, एवढं मांडायला भरपूर जागा उरते.

मात्र अशा विषयावर पदावरच्या न्यायमूर्तींना बोलवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या निवेदनानुसार प्रलंबित किंवा पुढे न्यायालयात येऊ शकणाऱ्या मुद्द्यांवर न्यायाधीशांनी जाहीर मत देऊ नये अशी अपेक्षा आहे. तुम्ही आग्रह धरलात तर ते विषय सोडून सर्वसाधारण बोलतील आणि मुलं निराश होतील. त्यांना प्रक्रियेवर बोलायला सांगा. निकाल कसा लिहिला जातो, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार? वक्ते वकील असतील तर फलकावर त्यांचा मोबाइल क्रमांक किंवा कार्यालयाचा पत्ता छापू नका. बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि तुमच्या उत्साहाचा त्रास त्यांना होईल.

शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, परिचय, प्रास्ताविक यांत चाळीस मिनिटं गेली की प्रश्नोत्तरं कापली जातात. सत्कार शेवटी ठेवा.

प्रश्नोत्तरांत सभागृह गप्प बसलं तर चिठ्ठ्या वाटा, बुजऱ्या मुलांचे उत्तम प्रश्न चिठ्ठीवरच येतात. कुणी प्रश्नाऐवजी भाषण सुरू केलं तर सूत्रसंचालकाने मध्येच विनम्रपणे विचारावं, "दादा, यातला प्रश्न एका वाक्यात सांगाल?" वक्ते ऐनवेळी आले नाहीत तर कार्यक्रम मोडू नका. वाचून आलेल्या दोन विद्यार्थ्यांना बहुमत आणि भिन्नमत मांडू द्या. आमच्याकडे एकदा हे नाइलाजाने करावं लागलं, आणि त्या वर्षीची सर्वांत चांगली चर्चा तीच झाली.

गावातलं कुणीतरी वाटपाच्या दाव्याची कागदपत्रं पिशवीत घेऊन येतंच, आणि वक्ते निघाले की त्यांना दारात गाठतं. त्या माणसाला कार्यकर्त्यांनी हाकलून देऊ नये. महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्राचे दोन विद्यार्थी दाराशी टेबल टाकून बसवा. त्यांनी नाव लिहून घ्यावं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि 15100 हा मदत क्रमांक लिहून द्यावा, आणि पुढच्या सोमवारी त्या माणसासोबत तिथे जावं.