दुर्गम रानात शिकारीला जाण्याचे साधन कसे निवडावे

साधन निवडताना आत कसे जायचे यापेक्षा मांस बाहेर कसे आणायचे, याचा विचार आधी करावा. मोठ्या नर एल्कचे (सांबरासारख्या थोराड हरणाचे) हाडे काढलेले मांसही 80 ते 100 किलो भरू शकते; एका फेरीत 30 किलो धरले, तरी तीन-चार फेऱ्या होतात. त्यामुळे एकट्याने पायी जाणाऱ्याने रस्त्यापासून फार लांब न जाणेच शहाणपणाचे. पाठपिशवीचा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट आवळावा आणि मांस पाठीला अगदी लगटून, वरच्या बाजूस बांधावे, कारण खाली लोंबणारे ओझे चढणीवर माणसाला मागे खेचते.

घोडा किंवा खेचर नेल्यास दोन्ही बाजूंचे ओझे ताणकाट्यावर तोलूनच लादावे. थोडासा फरकही खोगीर सरकवतो आणि जनावराची पाठ सोलवटते. रक्ताच्या वासाला बुजणारे जनावर ऐन वेळी निरुपयोगी ठरते, म्हणून ती सवय आधीच लावावी.

रबरी होडी पुष्कळ वजन वाहते. मात्र प्रवाहाविरुद्ध परतणे बहुधा शक्य नसल्याने किनाऱ्याला लागण्याची जागा आधीच ठरवावी लागते.

मोटारवाहनांबाबत नियम पाहावेत. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने संरक्षित केलेल्या वन्यप्रदेशांत शिकाऱ्याला मोटारच काय, सायकलही नेता येत नाही. अलास्कात छोट्या विमानाने उतरल्यास बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार त्याच दिवशी करता येत नाही.