विनोदी रॉक गाणं: हशा कुठे पिकतो, कुठे मरतो

विनोदी रॉक गाणं पडतं ते बहुतेकदा विनोद फुसका म्हणून नव्हे, तर शब्द गिटारखाली गाडले गेले म्हणून. त्यामुळे आधी वेग ठरवा. १२० बीपीएमला (म्हणजे मिनिटाला १२० मात्रा) दर अर्ध्या मात्रेवर एक अक्षर टाकलं तर सेकंदाला चार अक्षरं होतात, ती कानाला झेपतात. १८० ला तीच सहा होतात आणि पहिल्यांदा ऐकणारा दुसऱ्याच ओळीला हात टेकतो. पंक रॉकसारखा झपाट्याचा वेग हवाच असेल तर अक्षरं निम्मी करा.

ज्याची टर उडवायची, त्याच्याच तोंडी गाणं द्या. बाहेरून टीका केली की कीर्तन होतं. समजा, बंडखोरीचा आव आणणारा गायक आहे:

कुणाच्या बापाला भीत नाही मी,
हवं तर विचारून येतो आईला!

‘आईला’ शेवटीच हवं. ‘आईला विचारून येतो’ असं फिरवलं की गंमत आधीच फुटते आणि उरलेले शब्द नुसते लोंबकळतात. त्या शब्दानंतर दोन मात्रा अख्खा बँड थांबवा. १२० ला तो बरोबर एक सेकंद होतो. ड्रमर तिथे हमखास फिल (मोकळी जागा भरणारा छोटा तुकडा) घुसडतो. घुसडू देऊ नका, हसणाऱ्यांना तेवढीच जागा असते.

वाजवताना मात्र चेहरा सरळ ठेवा. शिट्ट्या, भोंगे, चिरका आवाज नको. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) खरोखर दमदार असेल तरच शब्दांचा पोकळपणा उघडा पडतो. हेवी मेटल बँडची थट्टा करणाऱ्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या १९८४ च्या चित्रपटातले नट स्वतः वाजवत होते, गाणी अस्सल हेवी मेटलच्या घाटाची होती, म्हणून ती थट्टा मुरली.

ध्रुवपद हा खरा सापळा. तीनदा ऐकलेला विनोद तिसऱ्यांदा शिळा होतो, म्हणून तिथे साधी ओळ ठेवा आणि दर कडव्यागणिक तिचा अर्थ बदलू द्या. ते फार जोशपूर्ण झालं तर उपरोध वाहून जातो: बीस्टी बॉइज या बँडचं १९८६ चं ‘फाइट फॉर युअर राइट’ पार्टीबाज गाण्यांची टवाळी होती, पण पार्टीबाजांनी ते मनापासून डोक्यावर घेतलं. उपाय म्हणून शेवटच्या कडव्यात त्या ‘मी’ला तोंडावर पाडा.

मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) गिटारचा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा २-३ डेसिबलने उतरवा. शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. गिटारला कडव्यात पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं), ध्रुवपदात मोकळं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज). गायकाच्या आवाजावर लांब रिव्हर्ब (घुमारा) नको, शब्दांच्या कडा पुसल्या जातात.

मग शब्द न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवा आणि पंचलाइन म्हणून दाखवायला सांगा. जमली नाही, तर ओळ बदलण्याआधी मिक्स तपासा.