समुद्राच्या तापमानाच्या नोंदींची प्रत कशी जपावी

खानदेशातील कोरडवाहू कपाशी आणि गिरणा, हतनूर या धरणांचा साठा मान्सूनवर अवलंबून आहे, आणि मान्सूनवर प्रशांत व हिंदी महासागरांच्या पृष्ठतापमानाचा मोठा प्रभाव पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळामुळे अमेरिकेतील ॲशव्हिल येथील नोआ या महासागर व हवामानविषयक सरकारी संस्थेचे डेटा केंद्र बंद पडले, तेव्हा या नोंदींचा सहज मिळणारा मार्गही खुंटला. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शिक्षक व विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासापुरती प्रत स्वतःजवळ ठेवावी.

नोआच्या ओआयएसएसटी या पृष्ठतापमानाच्या संचात सप्टेंबर १९८१ पासूनच्या पाव अंश जाळीवरील (अक्षांश-रेखांशांच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींतील) दैनंदिन नोंदी आहेत, तर ईआरएसएसटी या नोआच्याच दुसऱ्या संचात १८५४ पासूनच्या दोन अंश जाळीवरील मासिक नोंदी आहेत. जिल्ह्याच्या हंगामी पावसाशी संबंध तपासायचा असेल, तर माझ्या मते मासिक संच पुरेसा आहे. दैनंदिन संच घेतल्यास अलीकडच्या सुमारे दोन आठवड्यांच्या फायली प्राथमिक स्वरूपाच्या असतात, हे ध्यानात ठेवावे आणि अंतिम फायली आल्यावर त्या बदलाव्यात.

या नोंदी ज्या स्वरूपात मिळतात ती मूळ नेटसीडीएफ फाइल टाकून देऊन केवळ एक्सेलची प्रत ठेवू नये. दैनंदिन फायलींत तापमान पूर्णांकात साठवलेले असते, ०.०१ ने न गुणल्यास २९.३५ अंशांऐवजी २९३५ दिसते, आणि जमिनीच्या जागी असलेला -९९९ हा आकडा सरासरीत मिसळला, तर सारे गणित बिघडते. रेखांश ० ते ३६० असे मोजलेले असल्याने एल निनो (प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा तापणे) ओळखण्यासाठी वापरला जाणारा १७० ते १२० पश्चिम हा पट्टा तेथे १९० ते २४० असा शोधावा लागतो. सरासरीपासूनचे विचलन ओआयएसएसटीत १९७१ ते २००० या काळाच्या आधारे काढलेले आहे. इतरत्र आधारकाळ वेगळा असतो, म्हणून विचलनाबरोबर मूळ तापमानही जपावे.

प्रत्येक संचासोबत आवृत्ती, उतरवून घेतल्याची तारीख व चेकसम (फाइल बिघडली वा बदलली नाही ना, हे तपासण्याचा संकेतांक) लिहिलेली साधी मजकूर फाइल ठेवावी. एक प्रत महाविद्यालयात व दुसरी अन्यत्र असावी, आणि वर्षातून एकदा चेकसम पडताळून पाहावा. पृष्ठभागाखालील तापमान हवे असल्यास आर्गो तरंगकांच्या (समुद्रात खोलवर जाऊन तापमान मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या) नोंदी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेकडेही मिळतात.